चौकटीची उजवी बाजू

माझ्या बापाला एक खोड होती. कुणाच्याही घरी गेला की बसायच्या आधी तो खांबाला बोटाच्या पेराने ठोकून बघायचा. टक, टक. मग मान कलती करून ऐकायचा. साग असला की त्याचे डोळे बारीक व्हायचे, आंबा असला की नाक मुरडायचा. एकदा गावातला एक म्हातारा शेवटच्या घटका मोजत होता. घरघर लागलेली, सगळं घर भोवती बसलेलं, आणि आमचा हा गृहस्थ पाय धुऊन आत गेला तो सरळ मधल्या खांबाकडे. टक, टक. घरी आल्यावर आईनं विचारलं, "कसा हाय म्हातारा?" तर म्हणाला, "त्याचं काय, आज-उद्या. पन खांब सागाचं हायत गं, चारी." आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मला त्या दिवशी त्याच्या बोटाची किळस आली आणि ती पुढे कधी गेली नाही.

तो शेतकरी होता आणि सुतारही होता. जातीनं सुतार नव्हे, आम्ही आगरी. तरुणपणी पनवेलला बैलगाडीची चाकं करायच्या कारखान्यात चार वर्षं काढून तो ते काम शिकला होता. पावसाळ्यात भातशेती, आणि कापणी-झोडणी उरकली की अंगणातल्या मांडवाखाली रंधा, करवत, पटाशी. गावचे नांगर, गाड्यांची चाकं, पाळणे, पाट, सगळं त्याच्या हातचं. हात चांगला होता, हे मला नाकारता येत नाही. त्यानं बसवलेल्या सांध्यात केस शिरत नसे. नाकारता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

आमच्या घराला सरसाचा वास होता. जनावरांची कातडी नि खूर उकळून केलेला सरस तो गोठ्याशेजारी मडक्यात पातळ करायला ठेवायचा. तो वास कपड्यांत, गोधड्यांत, ताटातल्या भातातही उतरायचा. मी पनवेलला जाऊन सातवीपर्यंत शिकले. गावातल्या मुलींमध्ये मी एकटीच. वर्गात शेजारची मुलगी माझ्यापासून सरकून बसायची. मी घरी येऊन रडले तर बाप हसत म्हणाला, "त्या वासावरच तुजा भात शिजतो, पोरी." खरंच होतं ते, म्हणून जास्त संताप आला.

गावात मात्र त्याला देवमाणूस म्हणत. कुणाच्या दाराची कडी निखळली, कुणाचा पाळणा मोडला, की हा हातातलं काम टाकून धावायचा. लोकांना त्याचं धावणं दिसायचं. घरात शिरल्यावर त्याची नजर आढ्याकडे कशी जाते, ते फक्त मला दिसायचं.

आमच्या गावाच्या टोकाला, बांधाच्या पलीकडे, एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब राहत असे. एके काळी त्यांच्या अंगणात लाकडी घाण्यावर तेल गाळायचे. मला आठवतं ते त्या घाण्याचं नुसतं जोतं. मुलगे शिकले, मुंबईला नोकरीला लागले आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी बायकापोरांसकट बोटीनं इस्राएलला गेले. त्यांची आई गेली नाही. "नवऱ्याला इथे पुरलाय, मी कुठे जाऊ?" म्हणाली. सत्तरी उलटलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, नेसायला नऊवारी, बोलणं मराठी. सगळा गाव तिला आजी म्हणायचा, मीही म्हणायचे.

तिचं घर दगडमातीचं, कौलारू, बाहेरून साधंच. आतलं लाकूड मात्र तिच्या सासऱ्यानं गलबतातून पनवेलच्या बंदरात उतरवून घेतलेलं होतं. सगळा मलबारी साग. पुढच्या दाराची चौकट तर अशी की तिच्यावर हात फिरवताना माझ्या बापाचा श्वास जड व्हायचा. त्या चौकटीच्या उजव्या उभ्या लाकडाच्या आतल्या कडेवर, खांद्याच्या उंचीला, बोटाएवढी पितळेची डबी दोन खिळ्यांनी ठोकलेली होती. तिच्यात त्यांच्या देवाची वचनं लिहिलेली गुंडाळी. आत जाताना आजी त्या डबीला हात लावायची आणि तीच बोटं ओठांना लावायची. सत्तर वेळा आत-बाहेर झालं तरी सत्तर वेळा. मी लहानपणी विचारलं होतं, दुसऱ्या बाजूला का नाही? आजी म्हणाली, "आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला असायला हवी. चुकीच्या बाजूला ठोकली तर ते नुसतं पितळ."

मुलगे गेले त्या उन्हाळ्यात आजीनं माझ्या बापाला बोलावलं. मी सोबत होते. ती म्हणाली, "मी आहे तोवर हे घर पावसाला उभं ठेव. दर वर्षी कौलं चाळून दे, वासे बघ. मी गेले की या घरातलं सगळं लाकूड तुझं. मुलांना कळवलंय मी."

बापानं दोन्ही हात जोडले. "आजी, तुमी हाव तवर या घराचं एक कौल हालाचं नाय. देवीची आन."

पहिली दोन वर्षं तो शब्दाला जागला. तिसऱ्या वर्षी मृगाच्या आधी कौलं चाळायला गेला आणि संध्याकाळी आमच्या गाडीतून माळ्याच्या फळ्या घरी आल्या. आजीला सांगितलं की वाळवी लागलीय, बदलून देतो. वाळवी कसली! फळ्या ठणठणीत होत्या. त्यांच्या जागी त्यानं आंब्याच्या फळ्या टाकल्या. आजीला दिसत नव्हतं, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला नवं लाकूड दिसू नये म्हणून त्याला जुनं करायचं काम माझ्याकडे आलं. तव्याखालची काजळी, काव आणि करंजाचं तेल एकत्र खलायचं आणि फडक्यानं लाकडात मुरवायचं. मी दोन दिवस ते केलं. तिसऱ्या दिवशी बाप लांब उभा राहून बघत म्हणाला, "पोरीचा हात माज्यावर गेलाय." आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

पुढच्या वर्षी खिडक्या आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी मधले दोन खांब आणि एक तुळई. प्रत्येक वेळी तसंच, सागाच्या जागी आंबा नाहीतर सावरीचं हलकं लाकूड, आणि वर माझं काजळी-तेल. घर बाहेरून होतं तसं दिसायचं. सागाचे पलंग होऊन पनवेलच्या बाजारात जायचे. काम संपलं की आजी बापाला ओट्यावर बसवून मलिदा द्यायची, पोहे-गूळ-खोबऱ्याचा. तिचंच घर पोखरून झाल्यावर तिच्याच हातचा मलिदा हा माणूस बोटं चाटून खायचा आणि म्हणायचा, "आजी, आमच्या घरात असा जमत नाय बगा." मी बांधावर जाऊन ओकले होते एकदा. आईनं विचारलं तर म्हटलं, ऊन लागलं.

आईला सगळं माहीत होतं. ती बोलायची नाही. फक्त लाकूड घरी आलं की दुसऱ्या दिवशी आजीला ताजी मासळी पाठवायची, खवल्यांचीच, कारण कोळंबी-खेकडे त्यांना चालत नसत. तुळई आली तेव्हा तर अख्खा जिताडा पाठवला. आमच्या ताटात त्या दिवशी सुकट होती. मला त्या जिताड्याचीही किळस आली. चोरी नवऱ्यानं करायची आणि बायकोनं कालवण पाठवून मन धुवायचं, हा आमच्या घराचा देवभोळेपणा.

मी एकदाच बोलले. "बाबा, आजी जिवंत हाय अजून."

"मंग?" तो रंधा न थांबवता म्हणाला. "मेल्यावर माजंच हाय ना? आज काय नि उद्या काय. तवर वाळवीला घालू काय?"

त्याला खरंच तसं वाटत होतं. ढोंगी असता तर मला कमी घाण वाटली असती.

मी सतरा-अठरा वर्षांची झाले तेव्हा पनवेलच्या एका शाळामास्तरांशी माझं लग्न ठरलं. लग्न कापणीनंतर, आमच्याच दारात. बापानं आमच्या दाराकडे बघितलं, ऐनाच्या वाकड्या चौकटीकडे, आणि म्हणाला, "पनवेलचं वऱ्हाड येनार. सुताराचं दार असं?" एवढंच म्हणाला. पण त्याचे डोळे बारीक झालेले मी बघितले आणि मला कळलं.

पावसाळा सरता सरता आजीच्या लोकांचा एक मोठा सण येतो, दारं लावून घेऊन उपास करायचा. त्या सुमारास ती दर वर्षी आठ-दहा दिवस पनवेलला नातेवाइकांकडे जायची आणि तिथल्या त्यांच्या मशिदीत बसायची; ते आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणतात. ती गाडीत बसून गेली आणि दुसऱ्या सकाळी बापानं तिच्या दाराला टेकू लावले.

चौकट भिंतीतून काढायला दीड दिवस लागला. ती अंगणात आडवी टाकली आणि शेजारी आंब्याच्या लाकडाची नवी घडवली, अगदी मापात. डबीची त्यानं फार काळजी घेतली. पटाशीनं अलगद उचकटली, खिळे सरळ केले, फडक्यात बांधून कमरेला खोचली. "म्हातारीचा देव हाय," म्हणाला. "त्याला हलवाचा तर नीट हलवाचा." माझ्या डोक्याची शीर तडकली. घर खाताना ज्याचा हात थरथरला नाही, तो पितळेच्या नळीला हात जोडत होता!

आणि त्याच नळीशी तो चुकला. जुनी चौकट अंगणात पालथी पडलेली होती. पालथ्या चौकटीवरून, उजवं तिथे डावं झालंय हे न कळता, त्यानं डबीच्या खिळ्यांची जागा मोजली, नव्या चौकटीवर कोळशानं खूण केली आणि डबी ठोकली. चौकट उभी राहिली तेव्हा डबी आत जाणाऱ्याच्या डाव्या हाताला आली. उंची बरोबर, खिळे बरोबर, बाजू चुकलेली. आयुष्यभर ज्याला गावानं बिनचूक म्हटलं त्याला ते दिसलं नाही, कारण तो दाराच्या आतून बाहेर बघत, घाम पुसत, खूश होऊन उभा होता.

मी बाहेर होते, हातात काजळीचं फडकं घेऊन. मला दिसलं. एका नजरेत दिसलं. तोंड उघडलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

मी बोलले नाही. मनात म्हटलं, राहू दे. आता पकडला जाशील. आजी हात लावेल, तिला कळेल, ती ओरडेल, गाव गोळा होईल आणि हा देवमाणूस लोकांना दिसेल एकदाचा. चार वर्षं मी काजळी फासत आले होते, बोलायची हिंमत झाली नव्हती. ते काम मी एका आंधळ्या म्हातारीच्या हातावर सोपवलं आणि डावीकडच्या लाकडालाही तेल लावून मुकाट घरी आले.

आजी परत आली ती भर दुपारी. कर्नाळ्याचा सुळका आठवड्यानं ढगातून मोकळा झाला होता, ऊन रणरणत होतं. गाडीतून मी तिचं गाठोडं उतरवून घेतलं. बाप अंगणातच होता, हसत. "आजी, दार जरा नीट करून ठेवलंय. कुरकुरत व्हतं."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि पायरी चढली.

तिचा उजवा हात वर गेला. बघायची गरज नव्हती, पन्नास-पंचावन्न वर्षं तो हात तिथेच जात होता. बोटं कोऱ्या लाकडावर टेकली. थांबली. मग थोडी वर गेली, थोडी खाली आली. वीतभर वर, वीतभर खाली, पुन्हा त्याच जागी. मग तिनं बोटं नाकाशी नेली आणि करंजाच्या तेलाचा वास घेतला. ती ओरडली नाही. फक्त उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली, स्वतःच्या घराच्या.

बापाचं तोंड उतरलं. त्याला कळलं. "त्या अंगाला हाय आजी, या अंगाला, आत्ता फिरवतो," म्हणत तो पटाशीसाठी धावला.

"राहू दे," आजी म्हणाली. "तू जा."

तो गेला. गाव गोळा झाला नाही. ओट्यावर आजी आणि मी, दोघीच. मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं, माळा, खिडक्या, खांब, काजळी. ती ऐकत होती, पण नवीन काही ऐकतेय असं वाटत नव्हतं.

"माळ्याच्या फळ्या गेल्या तेव्हाच कळलं मला," ती म्हणाली. "माळ्यावर मांजर धावलं की साग वाजायचा. मग एका पावसाळ्यात नुसतं थपथप व्हायला लागलं."

"मग बोलला का नाहीत, आजी?"

"बोलले असते तर आला असता का तो? माझे मुलगे समुद्रापलीकडे. गावात कोण माझ्या दारी येतं? तुझा बाप दर वर्षी यायचा, चार दिवस घरात ठोकठोक व्हायची, मलिदा खायचा, चार गोष्टी बोलायचा. एक फळी नेली की दुसरीसाठी येईल, एवढं कळत होतं. म्हटलं, ने. लाकूड खूप आहे, मला पुरेल." तिनं दाराकडे मान वळवली. "चौकट तो सगळ्यात शेवटी नेईल असं वाटलं होतं मला. मी गेल्यावर."

मी तिच्या पायाशी बसले होते. तिनं माझ्या बोटांचा वास घेतला. तोच करंजाचा.

"ही डाव्या-उजव्याची चूक तुला दिसली होती का गं?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं.

"मग तू तेवढं सांगायचं होतंस त्याला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर मी सोसला असता. "मी हात लावला असता, पितळ लागलं असतं आणि मी घरात गेले असते."

त्या दिवशी ती मागच्या दारानं घरात गेली, आणि त्यानंतर नेहमीच. पनवेलच्या नातेवाइकांना सांगून डबी योग्य बाजूला लावून घेता आली असती. तिनं लावून घेतली नाही.

माझ्या लग्नाला आजी आली. आमच्या दारात तिची चौकट उभी होती, आंब्याची पानं आणि झेंडू बांधलेली. कुणीतरी तिचा हात धरून आणलं. उंबऱ्याशी येताच तिचा उजवा हात आपोआप वर गेला आणि खिळ्यांच्या दोन भोकांवर टेकला. तिनं बोटं ओठांना लावली आणि आत आली. पनवेलची माणसं कौतुकानं हसली, म्हातारी आहे म्हणून. बाप गोठ्याकडे निघून गेला आणि अक्षता पडेपर्यंत इकडे फिरकला नाही. मी त्याच दारातून सासरी गेले, नाइलाजानं, डोक्यावरून पदर ओढून.

पुढच्या मृगाआधी बाप आजीची कौलं चाळायला गेला नाही. आजीचा अंदाज खरा ठरला. छप्पर न उतरवता नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन पावसाळे ती गळक्या घरात राहिली; आई मासळी पाठवत राहिली. मी पनवेलला होते, तीन मैलांवर, आणि मीही गेले नाही. तोंड नव्हतं, असं मी स्वतःला सांगत असे. दुसऱ्या श्रावणात आजी तापानं गेली.

ठरल्याप्रमाणे घरातलं सगळं लाकूड बापाचं झालं. आईनं सांगितलं मला, तो गाडी घेऊन गेला. आत शिरला आणि सवयीप्रमाणे मधल्या खांबाला पेरानं ठोकलं. आवाज आलाच नाही. बोट आत गेलं. सावरीचा खांब वाळवीनं पोकळ केलेला, वरती माझ्या काजळीचा पापुद्रा तेवढा शाबूत. तो मोकळी गाडी घेऊन परत आला आणि हात धूत बसला, दोनदा, तीनदा. आईला तेव्हा त्याची कीव आली म्हणे. मला आली नाही, अजूनही येत नाही.

आता आमच्या जुन्या घराच्या जागी माझ्या धाकट्या भावाचं स्लॅबचं घर आहे; हे सगळं झालं तेव्हा तो पाळण्यात होता. चौकट मात्र त्यानं ठेवलीय. व्हार्निश मारलंय, दोन भोकं रंगाऱ्याकडून लांबी भरून बुजवलीत. पाहुणे आले की तो अभिमानानं सांगतो, "आमच्या बाबांच्या हातची." मग पाहुणे पुढे होतात, पेरानं ठोकतात, टक, टक, आणि माना डोलावतात. भावाला मी कधी सांगितलं नाही. न बोलण्याची माझी सवय जुनी आहे.

मी माहेरी गेले की तो दारातून हाक मारतो, "ताई, पुढनं ये की, मागं चिखल हाय." मी हो म्हणते आणि चिखलातून मागच्या दारानं आत जाते.